ब्लॅक कूमच्या माथ्यावरचा निर्णय: किनाऱ्यालगतच्या एकाकी डोंगरावरची हिवाळी चाल

इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रियाच्या किनाऱ्यावर ब्लॅक कूम नावाचा डोंगर एकटाच उभा आहे. उंची ६०० मीटर. हद्द लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचीच, पण स्काफेल, हेल्व्हेलिन वगैरे नावाजलेल्या डोंगरांच्या गर्दीपासून दूर, पार नैर्ऋत्येच्या टोकाला. पश्चिमेला उतरलं की शेतं, मग आगगाडीचे रूळ आणि मग आयरिश समुद्र. माथ्यापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम पाच किलोमीटरवर. हवा स्वच्छ असेल तर आइल ऑफ मॅन, वेल्सचे डोंगर आणि स्कॉटलंडचा दक्षिण किनारा हे सगळं एका जागी उभं राहून दिसतं.

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही पाच जण तिथे गेलो. अपघात झाला नाही, कुणी हरवलं नाही, बचाव पथकाला फोन करावा लागला नाही. तरी ही चाल सविस्तर मांडावीशी वाटते. माथ्यावर एक निर्णय घ्यावा लागला, आणि त्या घडीला पायांना सोपी वाटणारी दिशा नेमकी धोक्याची होती. सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरला ही गोष्ट आपोआप कळत नाही. कारण आपल्याकडच्या अनुभवातले काही ठोकताळे तिथे लागू पडतात आणि काही अगदी उलटे पडतात.

मंडळी आणि बेत

चालीची सूत्रं ताईकडे होती. ती बरीच वर्षं लँकशरमध्ये राहते आणि या भागातल्या डोंगरांत बारा महिने फिरते. सोबत तिचा नवरा, सोळा वर्षांची मुलगी, नाशिकहून आलेले तिचे चुलतसासरे आणि मी. काकांचं वय साठीच्या पुढे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग हे त्यांचं अंगण. नकाशावर ६०० हा आकडा पाहून ते म्हणाले, “म्हणजे कळसूबाईच्या निम्माही नाही.” हिशोब बरोबर आहे, कळसूबाई १६४६ मीटर आहे. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच मुळात बऱ्याच उंचीवर आहे, आणि ब्लॅक कूमचा चढ जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होतो. त्यामुळे प्रत्यक्ष चढायची उंची साडेपाचशे मीटरच्या पुढे जाते. काकांना ते जड नव्हतंच. पायांचा प्रश्न त्या दिवशी कुणाच्याच बाबतीत आला नाही.

बेत असा होता: व्हिचमच्या चर्चपाशी गाडी लावायची, दक्षिणेकडच्या रुंद गवताळ वाटेने ब्लॅक कूमचा माथा गाठायचा, तिथून ईशान्येकडे पठाराच्या कडेने स्टूपडेल हेड या उंचवट्यापर्यंत जायचं, मग आग्नेयेला वळून ४१७ मीटर उंचीच्या व्हाइट कूमवर, आणि तिथून दरीत उतरून पायथ्याच्या शेतांकडेने परत व्हिचम. सगळं मिळून बारा-तेरा किलोमीटर.

वेळेचा अंदाज ताईने नेस्मिथच्या नियमाने काढला होता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा ठोकताळा आजही तिकडे सर्रास वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर शंभर मीटर चढाला वरून दहा मिनिटं. या वाटेसाठी तो पावणेचार तास सांगतो. त्यात थांबे, ओली जमीन, हिवाळ्याचे जाडजूड कपडे आणि पाच जणांची वेगवेगळी चाल धरली की पाच ते साडेपाच तास होतात. सकाळी पावणेदहाला निघून दुपारी सव्वातीनच्या आत परत.

आता उजेडाचं बघा. त्या दिवसांत तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आधीच मावळतो. दिवस सव्वासात-साडेसात तासांचा. नाशिकला त्याच दिवसांत अकरा तासांच्या आसपास उजेड असतो. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी बेतात पस्तीस-चाळीस मिनिटंच शिल्लक राहत होती. हे ताईला ठाऊक होतं, म्हणून तिने आदल्या रात्रीच दोन अटी सांगून ठेवल्या. माथ्यावरून पुढे निघायचं तर बारा वाजायच्या आत. आणि पुढची धार डोळ्यांना दिसत असेल तरच. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर आल्या वाटेने खाली.

अट आधी ठरवण्याचं महत्त्व मला फार वाटतं. वर पोचल्यावर प्रत्येक जण दमलेला असतो, थोडा हट्टाला पेटलेला असतो, आणि “इथवर आलोच आहोत तर” हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या ओठांवर असतंच. घरात, उबेत, चहा पिताना मान्य केलेली अट तिथे कामी येते.

हवामानाचा अंदाजही स्पष्ट होता. नैर्ऋत्येचा वारा, माथ्यावर ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ढगांचा तळ सकाळी ६०० मीटरच्या आसपास, दुपारपर्यंत ४०० पर्यंत खाली येणार. दोननंतर पाऊस.

चढ

वाट चुकण्यासारखी नाहीच. व्हिचमच्या चर्चमागून निघते, एका घळीच्या कडेने चढते आणि मग डोंगराच्या रुंद पाठीवरून हिरव्या पट्ट्यासारखी वर जाते. दोन्ही बाजूंना हेदरची काळपट झुडपं, मधूनमधून हर्डविक जातीच्या करड्या मेंढ्या. मागे वळलं की डडन नदीचं मुख, मिलम गाव आणि समुद्रात लांबवर पवनचक्क्यांच्या रांगा. सूर्य क्षितिजापासून फार वर चढतच नाही, त्यामुळे सकाळचे अकरा वाजले तरी सावल्या लांबलचक.

या डोंगराचा गोलसरपणा त्याच्या दगडातून आलेला आहे. स्काफेलकडचे डोंगर ज्वालामुखीच्या खडकांचे, म्हणून खडबडीत आणि कातळी. ब्लॅक कूम ‘स्किडॉ गट’ म्हणवल्या जाणाऱ्या खडकसमूहातल्या, त्याहून जुन्या पाटीसारख्या खडकाचा, ऑर्डोव्हिशियन या अतिप्राचीन भूवैज्ञानिक काळातल्या समुद्रतळाच्या चिखलाचा. तो झिजतो तो गुळगुळीत. म्हणून माथ्यावर मोठं, जवळपास सपाट, गवताळ पठार आहे. तिथे ट्रिग पिलर म्हणजे सर्वेक्षणाचा खांब आहे, त्याभोवती दगड रचून केलेला वाऱ्याचा आडोसा आहे, दक्षिणेला थोड्या अंतरावर दगडांची एक मोठी रास आहे आणि मधल्या खोलगट भागात एक छोटं तळं आहे. ओळखीच्या खुणा एवढ्याच.

आपल्याकडच्या गडमाथ्याशी तुलना केली तर फरक लगेच जाणवतो. धुक्यात गडावर चुकलात तरी कधी ना कधी तटबंदी लागते, टाकं लागतं, देऊळ लागतं, बुरुजाचे दगड पायाखाली येतात. माणसाने शेकडो वर्षं वापरलेली जागा आहे ती. ब्लॅक कूमच्या पठारावर शंभर पावलं कुठल्याही दिशेला चाला, पायाखाली तेच गवत. आणि पूर्वेला हे पठार एकाएकी संपतं. तिथे ब्लॅककूम स्क्रीज नावाचा उभा घसारा आणि तुटलेल्या कड्यांची रांग आहे, हिमयुगातल्या बर्फाने कोरून काढलेली. पश्चिम आणि दक्षिण बाजू मवाळ, पूर्व बाजू तुटलेली. डोंगराच्या आकारातली ही एक गोष्ट पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे.

पावणेबारा

साधारण ५०० मीटरवर आम्ही ढगात शिरलो. अंदाजापेक्षा ढग लवकर खाली आला होता. माथ्याजवळ मुख्य वाट शिखराच्या पश्चिमेकडून पुढे निघून जाते, खांबाकडे जायला ती सोडून उजवीकडे वळावं लागतं. ताई वळणाच्या जागी थांबली, होकायंत्र काढून दिशा घेतली, आणि मुलीला पावलं मोजायला सांगितलं. खांबापाशी पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. वीस-पंचवीस मीटरपलीकडे काही दिसत नव्हतं.

आडोशात बसून गरम चहा घेतला. खाली तापमान सहा अंश होतं, वर दोनच्या आसपास असावं. उंचीने चार अंश कमी होणं हे अपेक्षितच. पण दोन अंश तापमानात ताशी पंचावन्न किलोमीटरचा वारा लागला की उघड्या त्वचेला ते उणे सहासारखं वाटतं. आडोशाबाहेर उभं राहिलं की दोन मिनिटांत बोटं बधिर होत होती.

इथे काकांनी आपलं म्हणणं मांडलं, आणि ते मुळीच उथळ नव्हतं. “हरिश्चंद्रगडावर मी कितीदा असा बसलोय. कोकणकड्यावर काही दिसत नाही, तासभर थांबायचं, वारा फिरतो, पडदा बाजूला होतो. धुक्याला घाबरून खाली गेलो असतो तर काही बघितलंच नसतं आयुष्यात. आणि इथे तर वारा पाठीवर घेऊन जायचंय. चाल हलकी होईल उलट.”

ताईच्या नवऱ्याचाही कल पुढे जाण्याकडे होता. त्याच्या फोनवर नकाशा उघडा होता, त्यावर आम्ही कुठे आहोत तो ठिपका स्वच्छ दिसत होता, आणि पुढची वाट तुटक रेषेने आखलेली होती.

ताई म्हणाली, “काका, तिथलं धुकं आणि हा ढग वेगळा आहे. हा समुद्रावरून येतोय आणि खाली खाली बसत जाणार आहे. तासाभराने आपण इथेच असू, फक्त अंधाराच्या एक तास जवळ गेलेलो. आपण खाली जाऊ या.”

काका काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तू या डोंगराची माहितगार. तू म्हणशील तसं.”

कशाच्या आधारावर

पहिला मुद्दा ढगाचा. पावसाळ्यात आणि थंडीत सह्याद्रीच्या कड्यांवर जे धुकं येतं-जातं, त्याची उघडझाप होते हा काकांचा अनुभव अगदी खरा. पण त्या दिवशी आयरिश समुद्रावरून पावसाचा पट्टा येत होता. दमट हवा वाटेत आलेल्या पहिल्या उंचवट्यावर चढते, थंडावते आणि ढग होते. ब्लॅक कूम हाच तो पहिला उंचवटा. हवा जसजशी अधिक दमट होते तसा ढगाचा तळ खाली सरकतो. अशा वेळी थांबून काही मिळत नाही, आणि साडेसात तासांच्या दिवसात एक तास वाट पाहणं हा फार मोठा खर्च आहे.

दुसरा मुद्दा पावसाचा, आणि इथे आपल्या लोकांना मनापासून सांगावंसं वाटतं. सह्याद्रीत आपण जुलैत दिवसभर चिंब भिजतो, कुडकुडतो, गावात उतरून भजी खातो आणि घरी जातो. तो पाऊस वीस-बावीस अंशांचा असतो. दोन-तीन अंशांचा पाऊस आणि वर वारा हे मिश्रण कोरड्या बर्फाळ थंडीपेक्षाही वाईट. कोरड्या थंडीत कपड्यांच्या थरांमधली हवा ऊब धरून ठेवते. कपडे भिजले की ती सोय संपते आणि वारा अंगातली उष्णता खेचत राहतो. समुद्राजवळच्या या डोंगरांवर बर्फ टिकत नाही, म्हणून लोक त्यांना सौम्य समजतात. पण तापमान शून्याच्या जरा वर घुटमळत असतं तेव्हाच माणूस लवकर गारठतो. आधी बोटं काम करेनाशी होतात, मग बोलणं अडखळतं, आणि मग विचार. ज्याला गारठा चढतोय त्याला स्वतःला ते कळत नाही, सोबत्यांनी ओळखावं लागतं.

तिसरा मुद्दा या प्रकरणाचा गाभा आहे: वाऱ्याची दिशा. वारा नैर्ऋत्येचा होता. म्हणजे तो माणसाला ईशान्येकडे ढकलणार. आमच्या बेतातली पुढची वाट ईशान्येलाच जाते, आणि ती जाते ब्लॅककूम स्क्रीजच्या काठाकाठाने, कडा उजव्या हाताला ठेवून. पाठीवर वारा घेऊन चालणं सुखाचं वाटतं. तोंडावर थंडीचा मार नाही, पावलं आपोआप पडतात. पण दिसत काही नसताना माणूस सरळ रेषेत चालत नाही, तो वाऱ्यापासून तोंड फिरवत हळूहळू कलत जातो. तिथे कलायची बाजू म्हणजे तुटलेली बाजू. शिवाय अर्ध्यावर जाऊन परत फिरायची पाळी आली तर तोच वारा, आणि दोननंतर तोच पाऊस, तोंडावर घेत यावं लागणार.

उलट, परतीची वाट पहिल्या पावलापासून वाऱ्याच्या विरुद्ध होती. मान खाली घालून, चष्म्यावरचं पाणी पुसत चालायचं. पण त्या बाजूला डोंगर मवाळ आहे, चूक झाली तरी गवताळ उतारावर झाली असती, आणि रुंद वाट आडवी पसरलेली असल्याने ती ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. काकांनी पाठीवरच्या वाऱ्याचा जो फायदा सांगितला, तोच इथे अडचणीचा होता.

फोनवरच्या ठिपक्याबद्दल: ठिपका बरोबरच होता. पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, ओल्या हातमोज्यांनी पडदा दाद देत नाही, आणि हातमोजे काढले की बोटं जातात. कड्याच्या काठाने चालताना दर पन्नास पावलांना फोन बघावा लागला असता. कागदी नकाशा आणि होकायंत्र बारा महिने बाळगणारी ताई फोनला दुय्यम मानते ते याचसाठी.

या माथ्यावर असा काळोख पूर्वीही दाटलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सर्वेक्षण खात्याच्या कामासाठी इथे तंबू ठोकून राहिलेल्या एका मोजणीदाराभोवती भर दिवसा एकाएकी इतका अंधार दाटला की समोरचा नकाशाही दिसेना, असं इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थने या डोंगरावरच्या एका कवितेत नोंदवून ठेवलं आहे. ज्या शिखरावरून चारी दिशांचा मुलूख मोजता येतो म्हणून ते निवडलं, तिथेच ही गत. चहूबाजूंनी मोकळा असणं हीच या डोंगराची थोरवी, आणि हवा बिघडली की तोच त्याचा त्रास.

उतरण

बारा वाजून वीस मिनिटांनी आडोसा सोडला. निघण्याआधी ताईने सगळ्यांना जास्तीचा थर अंगात घालायला लावला, टोप्या आणि हातमोजे बघितले, आणि हेडटॉर्च पिशवीच्या वरच्या कप्प्यात आणून ठेवायला सांगितले. भर दुपारी टॉर्च कशाला, असं मुलीने विचारलं. “लागतील तेव्हा अंधारात शोधायला नकोत,” एवढंच उत्तर मिळालं.

दिशा पश्चिम-नैर्ऋत्य. ताईने थेट वाटेच्या वळणाचा नेम धरला नाही. मुद्दाम थोडं पश्चिमेला झुकतं माप ठेवलं, म्हणजे वाट लागली की डावीकडे वळायचं हे नक्की. अगदी नेमक्या जागेचा नेम धरला आणि ती जागा सापडली नाही, तर आपण तिच्या कुठल्या बाजूला आहोत हे कळत नाही; आधीच एका बाजूला झुकलं की ती शंका उरत नाही. पुढे ती, मागे मुलगी पावलं मोजत, मग काका, त्यांच्यामागे मी आणि शेवटी तिचा नवरा. प्रत्येकाने पुढचा माणूस दिसेल एवढंच अंतर ठेवायचं. वाऱ्यात आवाज पोचत नव्हता, म्हणून थांबायचं तर हात वर करायचा असं ठरलं.

वाट अपेक्षेइतक्याच पावलांवर लागली. तिथून पुढे सोपं होतं. ४०० मीटरच्या खाली ढगातून बाहेर आलो तेव्हा समुद्र शिशाच्या रंगाचा झाला होता आणि पश्चिमेकडून पावसाची भिंत सरकत येताना दिसत होती. काका तिथे थांबून बराच वेळ ती पाहत राहिले. पावणेदोनला गाडीपाशी पोचलो, आणि दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला.

पुढे गेलो असतो तर त्या वेळी आम्ही कुठे असतो याचा हिशोब ताईने गाडीतच मांडला. होकायंत्राने दिशा धरत, पावलं मोजत चालताना वेग निम्म्यावर येतो. म्हणजे पाऊस सुरू झाला तेव्हा स्टूपडेल हेडच्या आसपास, आणि व्हाइट कूमचा उतार अंधारून येताना. कुणाचा पाय मुरगळला असता तर रात्र डोंगरावर. तिथे आणीबाणीत ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं असतं. फोन लागला नाही तर शिट्टीचे किंवा टॉर्चचे मिनिटाला सहा इशारे, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. या भागात डडन आणि फर्नेसचं बचाव पथक येतं. सगळे स्वयंसेवक, आपापली नोकरी-धंदा सांभाळून विनामूल्य काम करणारे. भर पावसात, रात्री, अशा माणसांना डोंगरावर बोलवायची वेळ आपल्या हट्टामुळे येऊ नये, हे काकांनीच बोलून दाखवलं.

बेत उलटा असता तर

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती यावर. हीच वर्तुळाकार चाल उलट्या क्रमाने का करू नये? सकाळी पायथ्याने चालत जाऊन व्हाइट कूम चढायचा, मग स्टूपडेल हेड, मग ब्लॅक कूम, आणि शेवटी व्हिचमची रुंद वाट. हिवाळ्यासाठी मला हा क्रम अधिक पटतो. अवघड, खुणा नसलेला भाग सकाळच्या उजेडात आणि ताज्या डोक्याने होतो, आणि सर्वांत स्पष्ट वाट दिवसाच्या शेवटी राहते, जी टॉर्चच्या प्रकाशातही उतरता येईल.

ताईला तो पूर्ण मान्य नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्यात उलट्या क्रमाने गेलं तर पठाराचा सगळा लांब टप्पा वारा तोंडावर घेऊन चालावा लागतो. आणि माघारीचा निर्णय चालीच्या मध्यावर, दोन्ही उतारांपासून सारख्याच अंतरावर घ्यावा लागतो. आमच्या क्रमात तो पहिल्याच माथ्यावर घेता आला, आणि परतीची चांगली वाट तिथून हाकेच्या अंतरावर होती. तिचा मुद्दा वजनदार आहे. नैर्ऋत्येचा जोरदार वारा असेल तर आमचा क्रम, वारा उत्तरेचा किंवा पूर्वेचा आणि हवा कोरडी असेल तर उलटा, इथवर आम्ही दोघे येऊन पोचलो. काकांचं मत तिसरंच: डिसेंबरात दोन माथे एका दिवसात घालायचेच कशाला, एकच करावा आणि आडोशात तासभर निवांत बसावं.

व्हाइट कूम एप्रिलसाठी राखून ठेवला आहे. त्या महिन्यात तिथे तेरा ते पंधरा तासांचा उजेड असतो, आणि पलीकडच्या खोऱ्यातलं स्विनसाइडचं प्राचीन दगडी वर्तुळही वेगळ्या दिवशी बघता येईल. काकांचा व्हिसा तोवर संपलेला असेल, म्हणून त्यांनी जाण्याआधी एका कोरड्या दिवशी ताईसोबत पुन्हा व्हिचमहून ब्लॅक कूम केला आणि खांबापाशी उभं राहून आइल ऑफ मॅन पाहिलं.